मामलेदारांचे शेजारी

कोणाचे कोणाशी पटेल, या एका प्रश्नावर आमच्या मेहुण्यांनी जितका विचार केला, तितका महाड आणि पोलादपूर या दोन्ही गावांतल्या लग्ने जमवणाऱ्या सगळ्या मंडळींनी मिळूनही केला नसेल. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. जमीन मोजणीच्या कचेरीत एकवीस वर्षे काढलेला माणूस मी; न मोजलेले विधान लिहायला माझा हात धजत नाही. एका बोटभर माशाला पेटीत घ्यावे की नाही, हे ठरवायला मेहुण्यांनी एकोणीस दिवस घेतलेले मी स्वतः पाहिले आहेत. त्यांच्या बहिणीसाठी मला पसंत करताना त्यांना एक संध्याकाळ पुरली होती. या दोन आकड्यांतला फरक मी एकदा त्यांच्या नजरेस आणला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पेटीत राहायला येणार नव्हतात."

ते माझ्या बायकोचे थोरले आणि एकुलते एक भाऊ. पोलादपुरास शाळामास्तर होते. पत्नी लवकर गेली, मूलबाळ नाही, आणि नोकरी संपल्यावर ते तिथेच दोन खोल्यांत एकटे राहत. निवृत्तीनंतर एकदा मुंबईस गेले असता एका पारशी गृहस्थाच्या दिवाणखान्यात त्यांनी काचेच्या पेटीत पोहणारे लाल मासे पाहिले, आणि परत आले ते डोक्यात पेटी घेऊनच. पोलादपूरच्या सुताराकडून सागवानी चौकट करवली, काचा बसवल्या, सांधे लुकणाने भरले. पेटी पहिल्या दिवशी गळली, दुसऱ्या दिवशी गळली आणि सहाव्या दिवशी गळायची थांबली. लांबी अडीच फूट, रुंदी सव्वा फूट, पाण्याची उंची एक फूट. म्हणजे सात घागरी पाणी, वजन सुमारे अडीच मण. ही मापे माझी. मेहुण्यांच्या हिशेबी पेटी 'एका शिंगट्याला पुरेल आणि दुसऱ्याला पुरणार नाही' एवढी होती. कारण लाल मासे इकडे कुठले मिळायला! त्यांनी सावित्रीच्या डोहातला एक शिंगटा आणून सोडला होता. शिंगटा म्हणजे अंगावर एकही खवला नसलेला, पाठीवर टोचरा काटा बाळगणारा आणि तोंडाभोवती लांब मिश्या असलेला मासा. त्याचे कालवण फार चांगले होते. ही माहिती पेटी पाहायला गेलो त्या दिवशीच मी मेहुण्यांना दिली, आणि ती द्यायला नको होती असे माझ्या बायकोचे अजून मत आहे. स्वतः मेहुणे समुद्राचे मासे आवडीने खात, नदीचे खात नसत. "ओळखीच्या पाण्यातले नकोत," म्हणत.

हा शिंगटा दिवसभर दगडाखाली बसून राही. मिश्या तेवढ्या बाहेर. दिवेलागणीला उठून एक फेरी मारी, समोर येईल ते गिळी आणि पुन्हा जागेवर जाऊन बसे. मेहुण्यांनी त्याचे नाव मामलेदार ठेवले. माझ्यासारख्या सरकारी नोकराला हे नाव परवडण्यासारखे नव्हते. एकदा महाडच्या पेठेत, भर बाजारच्या दिवशी, त्यांनी मला वीस हातांवरून हाक मारली, "जावईबापू, मामलेदारांनी काल दोघांना गिळलं! आणि वर पोट फुगवून बसलेत!" माझ्या बाजूला आमच्या कचेरीचा शिपाई उभा होता. त्याने हळूच विचारले, "कुठले दोघं, रावसाहेब?" मी म्हणालो, "मासे." "आता आपण मासेच म्हणायचं," असे म्हणून त्याने सुस्कारा सोडला. पुढचे आठ दिवस मी टेबलावरून मान वर केली नाही.

गिळलेल्या त्या दोघांपासूनच मेहुण्यांच्या अभ्यासाला सुरुवात झाली. मामलेदारांना शेजारी कोण द्यावेत? प्रथम त्यांनी मामलेदारांचे तोंड मोजले. दोऱ्याला गांडूळ बांधून ते काचेलगत लोंबकळत ठेवायचे आणि जबडा उघडला की काचेवर बाहेरून शाईची खूण करायची. सहा दिवसांत अकरा खुणा जमल्या. उत्तर आले सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. सहा सुतांपेक्षा ज्याच्या अंगाची उंची कमी, त्याला पेटीत प्रवेश नाही. मग बसण्याची जागा. मामलेदार तळचे, तेव्हा नवा मासा मधल्या किंवा वरच्या पाण्यातला हवा. एक नदीतला खेकडा केवळ दिसायला गरीब म्हणून तळाशी घेतला, तो चार दिवस नीट वागला आणि पाचव्या दिवशी मामलेदारांची डावी मिशी अर्धी झाली. शेवटी मेहुण्यांनी खवल्या आणल्या. रुंद अंगाच्या, चंदेरी, मधल्या पाण्यात हिंडणाऱ्या माशांना आमच्याकडे खवल्या म्हणतात. त्याही एकदम अकरा आणल्या, कारण खवली एकटीदुकटी असली की भिऊन जेवत नाही. निदान सहा जणी हव्यात. प्रत्येकीला अगोदर वेगळ्या माठात ठेवून पारखले. पेटीत दगडांच्या आडोशाला नारळाच्या चार करवंट्या पालथ्या घातल्या. "लपायला जागा असली म्हणजे मासा बाहेर येतो," हे त्यांचे वाक्य मी त्या वेळी ऐकले आणि विसंगत म्हणून सोडून दिले.

असे सगळे सुरळीत चालले असता मेहुण्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला. चहा कपाशेजारी ओतला जाऊ लागला. मुंबईस जाऊन डोळे दाखवायचे नाव ते काढू देत नसत. "तिथे एका खोलीत तीस खाटा असतात, कोणाशेजारी टाकतील त्याचा नेम नाही," म्हणत. मग एके दिवशी निरोप आला की, मास्तर गांडुळे काढायला नदीवर गेले होते, ते पायऱ्यांवरून पडले. वेळीच कोणी पाहिले म्हणून बरे, नाहीतर पाण्यातच जायचे. माझ्या बायकोने निरोप ऐकला आणि कढई उतरवली. "दादा आता इथे राहतील," ती म्हणाली. "पुन्हा पडले तर मला सांगायला तरी कोण येणार आहे?"

मेहुण्यांना आणायला मी गेलो. ते एकाच अटीवर आले: एक महिना पाहायचे. "नव्या माशाला माठात ठेवतात तसं," म्हणाले. पोलादपूर ते महाड अकरा मैलांचा प्रवास सर्व्हिस मोटारीतून झाला. पेटी टपावर आणि मामलेदार घागरीतून माझ्या मांडीवर. खवल्यांच्या दोन घागरी मेहुण्यांनी स्वतः धरल्या. प्रत्येक वळणाला मामलेदार माझ्या धोतरावर पाणी उडवीत होते. मागून एक म्हातारी म्हणाली, "काय रे बाबा, ताजा मासा दिसतो. विकायचा हाय का?" मी म्हणालो, "विकायचा नाही, राहायला चाललाय." ती उरलेली वाट माझ्याकडे कणवेने पाहत होती.

आता माझ्या घराविषयी लिहिले पाहिजे, आणि ते लिहिताना मला शरम वाटते. माझ्या घरात सकाळचे जेवण दहाला आणि संध्याकाळचे साडेसातला होते. ओसरीच्या भिंतीला नऊ खुंट्या आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. छत्री तिसरीवर, टोपी पाचवीवर. मेहुण्यांच्या काठीला मी चौथी दिली आणि ही माझ्याकडून मोठी मेहेरबानी झाली असे समजलो. ते काठी अंथरुणाशेजारी ठेवीत, कारण तिथे ती हाताला लागे; मी ती उचलून चौथ्या खुंटीला लावी. ते उठून चाचपडत भिंतीपर्यंत जात. असे मी, माझ्या मोजणीप्रमाणे, सतरा वेळा केले. अठराव्या वेळी बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ना ती काठी तिथे." मी म्हणालो, "तिची जागा चौथी आहे." बायको माझ्याकडे जशी पाहायला लागली, तसे मामलेदार त्या खेकड्याकडे पाहत असावेत. तिचीही मात्र एक तऱ्हा होती. दर पाव तासाने ती माजघरात येऊन विचारी, "दादा, चहा? दादा, उशी? दादा, दार लावू?" आणि आमची तिन्ही मुले त्यांच्याभोवती अंग टेकून बसत. मेहुणे कोणाला काही बोलत नसत. हळूहळू ते भाताच्या कणगीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, बसू लागले.

ओसरीवर पेटी ठेवली होती, तेव्हा येणारेजाणारे थांबत. आमच्या आळीतले एक सोवळे गृहस्थ आले, पेटीपुढे वाकले आणि म्हणाले, "हे सगळे एकाच पाण्यात? जातकूळ काही पाहिलंत की नाही, मास्तर?" त्या वर्षांत महाडात पाण्याचा विषय निघाला की माणसे एकमेकांकडे न पाहता बोलत. मी घाबरून खाकरलो. मेहुणे म्हणाले, "माशांत जात बघत नाहीत हो, तोंड बघतात. ज्याचं तोंड मोठं, त्याला जरा लांब बसवतात." ते गृहस्थ परत आले नाहीत. त्या दिवशी महिन्यात पहिल्यांदा मेहुणे हसले, आणि तेही लगेच थांबले.

चोविसाव्या दिवशी त्यांनी सांगितले की, महिना भरला की पोलादपुरास परत जाईन. बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. त्या नदीच्या पायऱ्या तिच्याप्रमाणे माझ्याही डोळ्यांपुढून हलेनात. पण माणसाला थांबवायचे कसे, याचे कोष्टक माझ्यापाशी नव्हते. माशांचे करता येण्यासारखे होते. मामलेदारांना एखादी चांगली सोबतीण आणून दिली तर मेहुण्यांचे मन इथे लागेल, असा विचार करून मी कागद घेतला. कागद घरचा होता, सरकारी नव्हे. लग्नाला छत्तीस गुण जुळवतात, तसे मी माशांना छत्तीस गुण मांडले. अंगाच्या लांबीला आठ, तोंडाला सात, बसण्याच्या जागेला सहा, जेवणाच्या वेळेला पाच, स्वभावाला पाच, गढूळ पाण्याच्या आवडीला पाच. बाजारात तुडीलची चंद्री भोईण जिवंत मासे टोपलीत ओले फडके घालून आणीत असे. तिच्यासमोर उभा राहून मी एकेका माशाची मुलाखत घेतली. एका फुटाच्या मरळीला एकतीस गुण पडले. अंग एवढे की मामलेदारांच्या तोंडात जाण्याची भीती नाही, गढूळ पाण्याची आवड, स्वभाव शांत. ती टोपलीत नुसती पडून होती, यावरून मी स्वभाव ठरवला.

चंद्री म्हणाली, "भाऊ, ही मास्तरांच्या पेटीला नेतास? नको नेऊ. ही मरळ हाय."

"एकतीस गुण जुळतात," मी म्हणालो.

"कोनाशी जुळतात?"

"शिंगट्याशी."

"आनि त्या खवल्या? त्यांना इचारलं का?" असे म्हणून ती शेजारच्या बाईला म्हणाली, "बघ गो, भाऊंनी नवरानवरीची पत्रिका मांडलीन, नि घरातली मानसं नाय मोजली." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांना अडाणी समजून मरळ घेऊन घरी आलो.

संध्याकाळी पाचला मरळ पेटीत सोडली. मामलेदारांनी दगडाखालून एक मिशी बाहेर काढली, तिला चाचपली आणि मिशी आत घेतली. मरळीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी समाधानाने जेवायला बसलो. सकाळी मोजणी केली तेव्हा अकरा खवल्यांपैकी चार होत्या. मरळ मधोमध स्थिर उभी होती, एकतीस गुणांची, स्वभावाने शांत. मामलेदारांचे तोंड मेहुण्यांनी मोजलेले होते, तिचे मी मोजलेच नव्हते. वधूचे तोंड मोजायची आपल्याकडे पद्धत नाही.

हे मेहुण्यांना सांगण्यापूर्वी मी ओसरीवर सुमारे चाळीस फेऱ्या मारल्या. मग कणगीपाशी जाऊन सगळे सांगितले, कोष्टकासकट. मला वाटले, आता ते आजच गाठोडे बांधतील. त्यांनी कोष्टक मागितले, डोळ्यांजवळ धरले, काही दिसले नाही म्हणून परत दिले आणि वाचायला सांगितले. मी वाचले. ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलू लागले आणि 'गढूळ पाण्याच्या आवडीला पाच' इथे आल्यावर ते मोठ्याने हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, चूक गुणांत नाही. तुम्ही त्याला सोबत आणलीत. त्याला सोबत नको असते हो, शेजार हवा असतो."

मी म्हणालो, "दोन्ही एकच."

"कसं एक असेल? शेजार म्हणजे पलीकडे कोणी आहे एवढं कळावं. भांड्याचा आवाज यावा, खोकला ऐकू यावा. सोबत म्हणजे समोर येऊन बसलेलं माणूस. ते दर पाव तासाने विचारणार, कसं आहे? मासा असो की..."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात चहाचा कप होता. ती आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "दादा, पलीकडे लाकडांची खोली आहे. भिंत एकच. दार रस्त्याच्या बाजूला, निराळं."

ती खोली मी तीन वेळा मोजली आहे. नऊ फूट बाय सात फूट, उत्तरेला खिडकी. तिच्यात साधारण किती लाकूड मावते, हे मला तोंडपाठ होते. माणूस मावतो हे माझ्या ध्यानात आलेले नव्हते. मेहुण्यांनी विचारले, "खुंट्या किती आहेत?" मी म्हणालो, "एकही नाही." "मग पाहू," ते म्हणाले.

त्याच दुपारी मी लाकडे हलवली आणि पेटी त्या खोलीत नेली. मरळ चंद्रीला परत केली. तिने ती न हसता घेतली, यावरून तिचा चांगुलपणा कळावा. मेहुणे त्या खोलीत चार वर्षे राहिले. सकाळी ते खोकले की माझी बायको चहा ठेवी आणि झाला की भिंतीवर बोटाने दोनदा वाजवी. आत ये, असे त्यांनी कोणाला म्हटले नाही, पण दार उघडे असे. लपायला जागा मिळाल्यावर ते रोज बाहेर येऊ लागले, मुलांना गणित शिकवू लागले, माझ्याशी वाद घालू लागले. दोन दिवसांआड जेवायला आमच्यात येत आणि काठी वाटेल तिथे ठेवीत. पहिले काही महिने ती उचलू नये म्हणून मी हात पाठीमागे बांधून बसे.

खवल्यांची संख्या आम्ही पुन्हा नऊवर नेली. तोवर मेहुण्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, म्हणून दिवेलागणीला मी पलीकडे जाऊन पेटी मोजावी आणि त्यांना सांगावे, असा रिवाज पडला. ते विचारीत, "किती?" मी सांगे, "नऊ." मग ते नऊ जणींच्या हिशेबाने शिते आणि गांडुळाचे तुकडे माझ्या हातावर ठेवीत. पुढे आकडा आठ झाला, सात झाला. तो जसा झाला तसा मी सांगितला. ऐकून ते एक चिमूट कमी करीत. शेवटच्या उन्हाळ्यात पाणी फार तापले. मेहुणे तापाने अंथरुणाला खिळले होते, हाताची बोटेसुद्धा बारीक झाली होती. त्या सकाळी मी दोन खवल्या मेलेल्या काढल्या. संध्याकाळी त्यांनी विचारले, "किती?"

पेटीत पाच होत्या. मी पुन्हा मोजल्या. पाचच होत्या.

"सात," मी म्हणालो.

त्यांनी चाचपून वाटीतली शिते काढली आणि सातांची माझ्या तळहातावर ठेवली. मी ती सगळी पाण्यात टाकली. जास्तीची तळाशी गेली, आणि दगडाखालून मामलेदार बाहेर आले.

पुढे त्यांनी बारा दिवस काढले. खवल्या एकेक करून जात होत्या आणि मी रोज सात सांगत होतो. अकराव्या दिवशी माझ्या हातावर शिते ठेवता ठेवता ते हळूच म्हणाले, "अलीकडे मामलेदार बरेच जाड झाले असतील, नाही?"

मी म्हणालो, "झालेत थोडे."

"होऊ द्या," ते म्हणाले, आणि माझ्या हातावर आणखी एक चिमूट ठेवली.